छपराला लाकूड, सांध्याला पोलाद: गोव्यातल्या गोदामाचा कार्बन मोजताना

गेल्या पावसाळ्यात वेर्ण्याच्या पठारावरील एका गोदामाची पाहणी करण्यासाठी मी शिडीवरून थेट छपरापर्यंत चढले होते. गोदाम जेमतेम नऊ वर्षांचे होते आणि खालून पाहता सगळे ठीक वाटत होते. पण वर, जिथे दोन पर्लिनची, म्हणजे पत्रा ज्यांच्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्यांची, टोके एकमेकांवर चढवून बोल्टने जोडलेली असतात, त्या फटीत बोट फिरवले की तपकिरी भुकटी नखात भरत होती. जस्ताचा थर तिथे केव्हाच संपला होता. पत्र्याच्या खालच्या बाजूला साठणारे दव, समुद्राकडून येणारी खारी हवा आणि कधीच पुरती न वाळणारी ती फट, एवढे गंजाला पुरेसे होते.

मालकांनी मला बोलावले होते ते मात्र या गंजासाठी नव्हे. शेजारच्या भूखंडावर त्यांना दुसरे गोदाम बांधायचे आहे, आणि ज्या मोठ्या गिऱ्हाइकाचा माल तिथे राहणार आहे त्याने इमारतीच्या कार्बनचा हिशेब मागितला आहे. त्यांचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, पोलाद कमी करून छपराला लाकूड घालता येईल का, आणि घातले तर खरोखर किती फरक पडेल?" अठरा वर्षे मी सांगाड्यांची गणिते करते आहे, त्यांतली बहुतेक पोलादाची आणि काँक्रीटची, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. तीन आठवडे आकडेमोड केल्यावर जे हाती आले ते इथे मांडत आहे, कारण मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याच्या बाजूला, आणि वेर्णे-कुंडईसारख्या जुन्या वसाहतींतही, गोदामांची मागणी वाढते आहे आणि हाच प्रश्न आणखी कुणाला पडणारच आहे.

आधी नेहमीच्या गोदामाचा हिशेब पाहू. ३० मीटर रुंद, ६० मीटर लांब, मध्ये खांबांची एक ओळ, म्हणजे १५ मीटरचे दोन गाळे, आणि दर ६ मीटरवर खांब आणि त्यांच्यावरची उतरती तुळई (राफ्टर) यांची एक फ्रेम. क्षेत्रफळ १,८०० चौरस मीटर. अशा तयार पोलादी इमारतीला आपल्याकडे चौरस मीटरमागे साधारण ३० किलो पोलाद लागते असे धरले तर एकूण ५४ टन होते. त्यात खांब १२ टन, राफ्टर २१ टन, छपराच्या आणि भिंतींच्या पर्लिन १४ टन, उरलेले ७ टन तिरपे ताण आणि जोडपट्ट्या. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा आकडा जागतिक सरासरीपेक्षा जास्त आहे, कारण आपले बरेचसे पोलाद कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांतून येते. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली, तीदेखील टनामागे २.२ टनांपासून खाली सुरू होते, यावरून आपण कुठे उभे आहोत ते कळते. तेव्हा सांगाड्याचे १३५ टन.

आता जमीन. जमिनीचा विचार या चर्चेत फारसा कोणी करत नाही, आणि मला तेच खटकते. गोदामाच्या फरशीवर फोर्कलिफ्ट धावतात, रॅकचे पाय एकेका ठिकाणी टनावारी भार देतात, म्हणून तिथे १८० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट ओतले जाते. १,८०० चौरस मीटरवर ते ३२४ घनमीटर भरते. साध्या ओपीसी (भर न घातलेल्या पोर्टलंड) सिमेंटच्या, या प्रतीच्या एका घनमीटर काँक्रीटमागे सुमारे ३०० किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एकट्या फरशीचे ९७ टन होतात. पाये आणि जोते मिळून आणखी १०० घनमीटर, म्हणजे ३० टन. छपराचा आणि भिंतींचा पत्रा सुमारे १५ टन वजनाचा, त्याचे ४० टन. सगळे मिळून ३०२ टन.

म्हणजे नजरेत भरणारा उंच पोलादी सांगाडा एकूण हिशेबाच्या निम्म्यापेक्षाही कमी आहे. ज्याच्यावर आपण चालतो, ज्याच्याकडे कोणी मान खाली घालूनही पाहत नाही, ती फरशी एकतृतीयांशाच्या जवळ जाते. लाकडाची बाजू घेणाऱ्या लेखांत मला ही गोष्ट क्वचितच वाचायला मिळाली आहे.

आता याच गोदामात लाकूड कुठे बसते ते पाहू. मी निवडलेली मांडणी अशी: खांब पोलादाचेच, पाये काँक्रीटचे, वारा पेलणारे तिरपे ताण पोलादाचे, आणि फक्त छपराचे राफ्टर व त्यांच्यावरील पर्लिन लाकडाचे. राफ्टरसाठी ग्लुलॅम, म्हणजे पातळ फळ्या धाग्याच्या दिशेने एकावर एक चिकटवून केलेली तुळई. ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील ओटो हेट्झर यांनी १९०६ मध्ये अशा वक्र तुळयांचे पेटंट घेतले होते. १५ मीटरच्या गाळ्याला, आपल्याकडच्या छपरावरील भाराला, २०० मिलिमीटर रुंद आणि ८०० मिलिमीटर खोल अशी तुळई पुरते. तिच्यात येणारा ताण माफक असतो, मोजमाप ठरते ते बाक किती येतो यावरून. अशा २२ तुळया आणि ९० बाय २४० च्या पर्लिन मिळून सुमारे ८० घनमीटर लाकूड लागते.

इथे एक तोटा आधीच मान्य केला पाहिजे. पोलादी पोर्टल फ्रेममध्ये खांब आणि राफ्टर एकसंध जोडलेले असतात, आणि आडव्या वाऱ्याला तो कोपरा तोंड देतो. लाकडी तुळई खांबावर नुसती टेकवली की तो कोपरा ढिला होतो. मग खांबांचे तळ काँक्रीटच्या पायात पक्के धरावे लागतात किंवा ताण वाढवावे लागतात. म्हणून खांबांचे वजन मी १२ वरून १४ टनांवर नेले, ताण आणि जोडांचे ७ वरून १० टन केले, आणि भिंतींच्या पर्लिन ४ टन पोलादाच्याच ठेवल्या. एकूण पोलाद २८ टन, त्याचे ७० टन कार्बन डायऑक्साइड. लाकडाचे, कापणे, वाळवणे, चिकटवणे आणि बारा हजार किलोमीटरचा सागरी प्रवास धरून, सुमारे २० टन. एकूण ९०. सांगाड्यात ४५ टनांची, म्हणजे एकतृतीयांशाची बचत. पण पूर्ण गोदामाच्या ३०२ टनांत तीच बचत १५ टक्के दिसते.

मालकांना हा आकडा सांगितला तेव्हा ते थोडे हिरमुसले. मीही पहिल्यांदा कागदावर पाहिला तेव्हा हिरमुसले होते. मग फरशीकडे वळले. सिमेंटचा निम्म्याहून अधिक कार्बन हा इंधनाचा नसून दगडाचा असतो: चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवली तरी. त्यामुळे तिथे खरा उपाय एकच, क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणारा सिमेंटचा मूळ घटक, कमी वापरणे. पोलादाच्या भट्टीतून निघणारी मळी दळून घातलेले स्लॅग सिमेंट आपल्या बाजारात सहज मिळते, आणि आयएस ४५५ या भारतीय मानकाप्रमाणे त्यात २५ ते ७० टक्के मळी असू शकते. निम्मी मळी असलेले सिमेंट धरले तर घनमीटरमागे ३०० चे सुमारे १८० किलो होतात, आणि फरशी व पाये मिळून ५१ टन वाचतात. लाकडापेक्षा किंचित जास्तच. दोन्ही मिळून गोदाम ३०२ वरून सुमारे २०६ टनांवर येते, जवळजवळ एकतृतीयांश कमी. अट एवढीच की स्लॅग सिमेंट सुरुवातीला हळू घट्ट होते, म्हणून पाणी मारण्यात आणि सांधे कापण्याच्या वेळेत घाई करता येत नाही. मुकादमाला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगावे लागते.

लाकडाच्या बाबतीत आणखी एक आकडा लोक मोठ्या उत्साहाने पुढे करतात, तो म्हणजे लाकडात साठवलेला कार्बन. कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो, आणि एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. पाइन किंवा स्प्रूसच्या एका घनमीटरमध्ये अशा हिशेबाने सातशे किलोंहून अधिक बसतो, म्हणजे या ८० घनमीटरमध्ये सुमारे ५६ टन. हे ५६ टन वजा केले की गोदाम कागदावर फारच देखणे दिसते. मी ते वजा केले नाहीत. अहवालात ते वेगळ्या ओळीत लिहिले आहेत, कारण ही साठवण कायमची नाही. तुळई कुजली, जळली किंवा वीस वर्षांनी मोडून चुलीत गेली की तो सगळा कार्बन हवेत परततो. ती तुळई किती वर्षे टिकेल आणि नंतर दुसऱ्या इमारतीत जाईल की नाही, यावर त्या ओळीची किंमत ठरते. म्हणून गोव्यात लाकडी छपराचा कार्बनचा प्रश्न शेवटी पाण्याच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

आमच्या डिचोलीच्या जुन्या घराचे छप्पर तीन वर्षांपूर्वी उघडले होते. चिऱ्यांच्या भिंती, त्यांच्या माथ्यावर आडवी तुळई, वर वासे, रिपा आणि मंगळुरी कौले. घर आजोबांच्या आधीचे आहे. माळ्यावर बसून मी पेचकसाने एकेक वासा टोचून पाहिला. बहुतेक ठिकाणी पेचकस आत जाईना, लाकडावर नुसता पांढरा ओरखडा उठत होता. पण पडवीच्या कोपऱ्यात, जिथे दोन उतार मिळतात आणि पन्हळीचा पत्रा फाटला होता, तिथे तोच किंदळाचा वासा मुठीएवढ्या लांबीत भाकरीच्या पोटासारखा मऊ झाला होता. पेचकस मुठीपर्यंत गेला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याला ओला भुसा चिकटलेला होता. तिथून हातभर अंतरावर पुन्हा लाकूड ठणठणीत. आमच्या मेस्तांनी तेवढेच टोक तिरपे कापले, नव्या लाकडाचा तुकडा तसाच तिरपा बेतून बसवला आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या ठोकून बोल्ट आवळले. काम करता करता ते म्हणाले, "लाकूड पावसान कुसना बाय, उदक रावल्यार कुसता." पावसाने लाकूड कुजत नाही, पाणी थांबून राहिले की कुजते. लाकडाच्या टिकाऊपणावर मी वाचलेल्या सगळ्या प्रकरणांचे सार त्या एका वाक्यात आहे.

शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लाकडातील ओलावा वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. आपल्या जुलै-ऑगस्टमधल्या हवेत, छपराखाली कोरड्या ठेवलेल्या लाकडाचाही ओलावा १८ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे हवा एकटी लाकूड कुजवत नाही, पण ती आपल्याला फार थोडी मोकळीक देते. त्यावर एखादी गळकी पन्हळ किंवा दव साठवणारा पत्रा आला की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून माझ्या नकाशात छपराच्या पत्र्याखाली उष्णतारोधक थर सक्तीचा आहे, पन्हळी इमारतीच्या आत कुठेही नाहीत, उतार सरळ दोन बाजूंना जातात, भिंतीबाहेर सव्वा मीटरचे पागोळीचे छप्पर आहे आणि माथ्याला हवा खेळती ठेवणारी फट आहे. मधल्या खांबांच्या ओळीवर खोलगट पन्हळ ठेवून चार उतार करण्याची पद्धत पोलादी गोदामांत सर्रास आहे. लाकडासाठी ती मी मुळीच मान्य करणार नाही.

खांब पोलादाचे ठेवण्याचे मोठे कारणही हेच. गोदामाच्या तळाशी पाणी येतेच: फरशी धुतात, ट्रक भिजून आत येतात, पावसाची झड दारातून मारते. शिवाय वाळवी जमिनीतून चढते. खांबाच्या पायाशी लाकूड नसले आणि पहिले लाकूड जमिनीपासून सात मीटरवर असले, तर वाळवीला तिथवर मातीची नळी बांधत जावे लागते, आणि ती उघड्या पोलादावर लगेच दिसते. लाकडावर दाबाखाली औषध भरलेले असणे तरीही आवश्यक आहे. इथे स्प्रूसपेक्षा पाइन बरा, कारण स्प्रूसच्या पोटात औषध खोलवर शिरत नाही आणि पाइनच्या शिरते.

ओलाव्याचा दुसरा परिणाम मला स्वतः मोजून पाहायचा होता. एका पुरवठादाराकडून पाइनच्या ग्लुलॅमचा ४०० मिलिमीटर खोलीचा तुकडा मागवला आणि जूनपासून फोंड्याच्या घरी पडवीत, पाऊस लागणार नाही असा ठेवला. दर रविवारी वजन आणि माप. ऑगस्टअखेर त्याची खोली साडेचार मिलिमीटरने वाढली होती. लांबीत मात्र माझ्या पट्टीला दिसेल असा फरक नव्हता. पुस्तकातला नियमही हेच सांगतो: ओलावा एक टक्का वाढला की धाग्याच्या आडव्या दिशेत लाकूड सुमारे पाव टक्का फुगते. ८०० मिलिमीटरच्या तुळईत हा फरक दरवर्षी सुमारे ९ मिलिमीटरचा होईल. आता समजा, पोलादी खांबाला जोडताना एक उभी जाड पट्टी घेतली आणि तुळईच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत गच्च बोल्ट मारले. पोलाद फुगत नाही, लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात परत आकसते. दोन-तीन वर्षांत बोल्टांच्या ओळीतून तुळई उभ्या लांबीत चिरते. पोलादाची सवय असलेला अभियंता नेमकी हीच चूक करतो, कारण पोलादात जास्त बोल्ट म्हणजे जास्त सुरक्षितता असते. लाकडात बोल्ट खालच्या भागात एकत्र ठेवायचे, वरचे भोक उभे लांबट करायचे आणि तुळईला श्वास घ्यायला जागा द्यायची. संमिश्र सांगाड्याची कसोटी सांध्यात लागते, मधल्या लांबीत सहसा लागत नाही.

आणि संमिश्र सांगाडा शेडसाठी नवा नाही. १८३७ मध्ये कामिय पोलाँसो या फ्रेंच अभियंत्याने पॅरिस-व्हर्साय रेल्वेच्या शेडसाठी लाकडी वासे आणि लोखंडी ताणदांड्या यांची कैची, म्हणजे त्रिकोणी सांगाडा, रचली: दाब येतो तिथे लाकूड, ताण येतो तिथे लोखंड. ३० मीटरचा गाळा मध्ये खांब न ठेवता हवा असेल, आणि फोर्कलिफ्ट चालवणारे तो मागतातच, तर नुसती लाकडी तुळई दीड मीटरच्या आसपास खोल करावी लागते. त्याऐवजी वर लाकूड आणि खाली पोलादी दांडी अशी कैची केली तर लाकूड बरेच वाचते. आमच्या मालकांना मधले खांब चालतात, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

खाऱ्या हवेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइनफेल्डनजवळ रीबुर्ग येथे मिठाची साठवण करण्यासाठी बांधलेले दोन प्रचंड लाकडी घुमट आहेत; त्यांपैकी २०१२ मध्ये पूर्ण झालेल्याचा व्यास १२० मीटर आहे. मीठ पोलादाला खाते, लाकडाला त्याचे फारसे काही वाटत नाही, म्हणून युरोपात मिठाच्या आणि खतांच्या गोदामांना लाकूड वापरण्याची रीत जुनी आहे. मिठागरांच्या गोव्यात हे लक्षात घेण्यासारखे आहे. वेर्ण्याला मी नखात भरलेली ती भुकटी लाकडी पर्लिनमध्ये भरली नसती. अर्थात स्क्रू आणि जोडपट्ट्या पोलादाच्याच राहतात, म्हणून त्या स्टेनलेस किंवा जाड जस्त चढवलेल्या घ्यायच्या आणि तिथे पैसा वाचवायचा नाही. वाऱ्याच्या भाराने छप्पर वर उचलले जाते तेव्हा पूर्ण भिस्त या स्क्रूंवरच असते. पणजीसाठी आयएस ८७५ मध्ये मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, आणि उघड्या पठारावर तो कमी धरण्याचे काही कारण नाही.

आगीचा प्रश्न प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत आत जळत जाते, मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर, तासाभरात प्रत्येक उघड्या बाजूने ४२ मिलिमीटर. २०० मिलिमीटर रुंद तुळईत तासानंतरही मधला ११६ मिलिमीटरचा गाभा शाबूत राहतो, आणि उघडे पोलाद मात्र ५५० अंशांच्या आसपास आपली निम्मी ताकद गमावते. हे खरे असले तरी माझे त्यावर समाधान होत नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई होती म्हणून अमेरिकेतील ओरेगनमध्ये टिलामुक येथे वायूने फुगवलेल्या ब्लिंप हवाई जहाजांसाठी दोन अवाढव्य लाकडी हँगर बांधले गेले. त्यांतला एक आजही उभा आहे. दुसरा पुढे साठवणुकीसाठी वापरला जात होता, आणि १९९२ मध्ये आत भरलेल्या गवतासह जळून गेला. गोदामाची आग मालाची असते, आणि ती तासाभरात विझेलच असे नाही. म्हणून पर्लिन बारीक असल्यामुळे त्यांना वेगळा विचार, सांध्यातले पोलाद लाकडाच्या आत लपवलेले, आणि छपराखाली स्प्रिंकलर, एवढे मी गृहीत धरले आहे. रसायने किंवा मद्य साठवायचे असेल तर मी लाकडी छपराचा सल्लाच देणार नाही.

लाकूड कुठले, हा प्रश्न गोव्यात बाकी सर्व प्रश्नांपेक्षा नाजूक आहे, आणि तो तसा आहे याचा मला आनंदच वाटतो. मोलेच्या जंगलासाठी २०२० मध्ये इथली तरुण मुले रस्त्यावर उतरली होती. 'लाकूड वापरा' असे म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी पडलेले झाड येते. सह्याद्रीतले एकही झाड या कामासाठी पडता कामा नये, नाहीतर वरचा सगळा हिशेब खोटा आहे: शंभर वर्षांचे नैसर्गिक जंगल तोडून जो कार्बन सुटतो, त्याची भरपाई कोणत्याही तुळईत होत नाही. लागवडीचे, प्रमाणित, कापल्यानंतर पुन्हा लावले जाणारे लाकूडच मी धरले आहे, आणि त्या प्रतीचे बांधकामाचे लाकूड आज आपल्याला मुख्यतः बाहेरून आणावे लागते. पण हे कायम असेच राहावे असे नाही. हरियाणातील यमुनानगरचा प्लायवूड उद्योग शेतकऱ्यांनी बांधावर वाढवलेल्या पॉप्लर आणि निलगिरीवर उभा आहे. त्याच पातळ पापुद्र्यांपासून एलव्हीएल नावाच्या तुळया करता येतात, आणि त्यांच्यासाठी आयएस १४६१६ हे मानक १९९९ पासून आहे. आपल्या पर्लिन जर अशा देशी एलव्हीएलच्या झाल्या, तर शेतकऱ्याला बांधावरच्या झाडाचा भाव मिळेल आणि समुद्रप्रवासही वाचेल. छपराच्या पर्लिनपासून सुरुवात करणे सर्वांत सोपे आहे, कारण त्या लहान आहेत, एकसारख्या आहेत आणि एखादी बिघडली तर बदलता येते.

मानके आणि परवानग्यांत मात्र दमछाक होते. आयएस ८८३ ची २०१६ ची आवृत्ती आणि राष्ट्रीय इमारत संहितेतील लाकडाचा भाग आधाराला आहे, पण ग्लुलॅमचे सांधे आणि आगीचे गणित यांसाठी मला युरोपीय मानकांकडे वळावे लागले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकडावर १९९३ मध्ये घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली; त्या सत्तावीस वर्षांत अभियंत्यांची एक अख्खी पिढी लाकडाचे गणित न करता निवृत्तीकडे आली. मीही त्यातलीच. महाविद्यालयात लाकडाचा धडा परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही सोडून दिला होता.

खर्चाबद्दल थोडक्यात. आजच्या दराने लाकडी छप्पर पोलादी छपरापेक्षा महाग पडते, आणि हा फरक मी मालकांपासून लपवला नाही. स्लॅग सिमेंटला जवळजवळ काहीच जास्त लागत नाही. म्हणून जो कोणी मला विचारेल त्याला मी हाच क्रम सांगेन: आधी फरशीचे सिमेंट बदला आणि फरशीची जाडी खऱ्या भाराप्रमाणे ठरवा, मग पोलादाचे अनावश्यक वजन कमी करा, आणि त्यानंतर छपराला लाकूड घ्या.

मालकांनी शेवटी पूर्ण फरशी आणि पाये स्लॅग सिमेंटचे करायचे ठरवले आहे. छपराचे राफ्टर आणि पर्लिन उत्तरेकडच्या निम्म्या लांबीत, म्हणजे फ्रेममधल्या सहा-सहा मीटरच्या पाच अंतरांत, लाकडाचे असतील, दक्षिणेकडच्या पाच अंतरांत पोलादाचेच राहतील. मला सगळे छप्पर लाकडाचे हवे होते, पण एका छताखाली दोन्ही शेजारी शेजारी पाहायला मिळणे हेही थोडके नाही. लाकडी तुळयांत आठ ठिकाणी ओलावा मोजणाऱ्या सुया बसवणार आहोत, चार पन्हळीच्या कडेला आणि चार माथ्याला, आणि पहिली तीन वर्षे दर महिन्याला त्यांची नोंद मी स्वतः घेणार आहे. पडवीतला तुकडा सध्या वाळतो आहे. गेल्या रविवारी तो ४०२ मिलिमीटरवर आला होता.